मुसकी काढली तेवढा वेळ

१२ सप्टेंबर, शुक्रवार

खाडीचा बांध फुटून आज सोळा दिवस. ठाकुर्लीच्या मागचं आमचं गवत अजून तांबडंच – आणि वास असा की नाकाला पदर लावून जावं लागतं. भरतीच्या पाण्यात नाल्यातून काय काय आलं कोण जाणे. चारही म्हशी गोठ्यात, पेंढ्यावर. चांदरीचे तर दिवस भरलेत. पेंढा विकत घेत राहायचं म्हणजे एक म्हैस विकावी लागणार. आणि ती चांदरीच असणार, बाकीच्यांना कोण विचारतो! चराईच्या नुकसानीची सरकारी मदत मिळाली तर ती राहील. आज कल्याणला जाऊन अर्ज दिला. गवत जनावरांच्या उपयोगाचं राहिलेलं नाही, असं लिहून द्यावं लागलं. दिलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

सलिल नावाचा सरकारी माणूस फोटो काढायला आला. म्हशी त्याच तांबड्या गवतात उभ्या हव्यात, कानातला बिल्ला दिसायला हवा. मी आधीच चौघींच्या तोंडाला मुसकी बांधलेली. हे मला हसले. सलिल म्हणाला, "वहिनी, दोरीखाली नंबर झाकला जातोय. दोन मिनिटं काढा ना."

काढली. मग त्याच्या मोबाईलला रेंज नाही! तो हात वर करून बांधावर फिरतोय आणि इकडे पेंढ्याला विटलेल्या म्हशी. तिघींची तोंडं आम्ही दोघांनी कशीबशी वर धरली. चांदरीने खाल्लं. मी तोंडात हात घालून उपसत होते तरी गिळत होती.

१६ सप्टेंबर

काही झालं नाही. मी उगाच घाबरते.

१७ सप्टेंबर, बुधवार

चांदरी पहाटे व्याली. पारडी!

आमच्यात पहिला चीक नणंदेचा, घरच्यांनी दुसऱ्या दिवसापासून चाखायचा. मालू वन्सं शेजारच्याच खोलीत एकट्या राहतात. मी म्हटलं, या वेळी नको देऊया. हे चिडले, "ताईला वगळायचं?" मग गूळ घालून खरवस करून दिला. वन्संनी ताटली बोटाने पुसून खाल्ली. "रतन गो, असा खरवस आपल्या घरान कोनी केला नाय."

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

१८ सप्टेंबर, गुरुवार

पारडी सकाळीच गेली. चांदरीच्या तोंडाला फेस, पाय कापतायत. गुरांचे डॉक्टर आले. पहिलाच प्रश्न, "काय खाल्लं हिने?"

मी तोंड उघडणार तोच हे म्हणाले, "पेंढा. दुसरं काय?"

डॉक्टर गेल्यावर मला म्हणतात, "तिथलं खाल्लं म्हटलं तर गवत चांगलंच होतं असं धरतील. आपणच लिहून दिलंय." हिशेब बरोबर आहे. पण जिला विकावं लागू नये म्हणून हा खटाटोप, तिच्याच औषधाच्या वेळी मी गप्प बसले. लाज वाटते मला माझी.

१९ सप्टेंबर

चांदरी गेली.

दुपारी सलिलचा फोन – "वहिनी, नाव यादीत लागलं. चार जनावरं." सरकार एवढं झटपट कधीपासून?

वन्सं आज जेवायला आल्या नाहीत.

२० सप्टेंबर

वन्संना हॉस्पिटलात आणलंय. तोंडाला फेस, हात थरथरतायत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय खाल्लं यांनी?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मी ह्यांच्याकडे न बघता सांगायला लागले, सोमवारपासूनचं सगळं.