पेजेचं पेज

धंतोली, नागपूर
१२ नोव्हेंबर २०२४

ती. अंजनाबाईस,
धाकट्या गोपिकाचा शि. सा. न. वि. वि.

इकडं सारे बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे ते कळव. फोन सोडून पत्र काहून, असं तुले वाटन. फोन दिवसभर सूनबाईच्या हातात असते, अन् जे सांगाचं ते तिच्याचबद्दल आहे.

दवाखान्यातल्या पेशंटसाठी मी पेज, मऊ खिचडी, बिनतिखटाचं वरण डब्यात देते, तुले ठाऊकच आहे. दिवाळीच्या आधी दिपाली म्हणाली, आपल्या डब्याचं इन्स्टाग्रामवर पेज काढू. मी म्हटलं, पेज तर मी रोजच काढते वं! खूप हसली. मी भात घोटून राहिली होती, तर नुसत्या माझ्या हातांचा व्हिडिओ काढला अन् टाकला. बाहेरगावचे फोन यायले लागले. मलेही बरं वाटलं.

मग एकाएकी काय झालं कोण जाणे. आता व्हिडिओ काढाचा असला की मले बाहेर मेथी निसायले बसवते. फोन उपडा ठेवते. मी जवळ गेली की बंद करते. काल शेजारच्या पिंकीनं आपल्या फोनवर दाखवलं. पेज शिजवाचा गंज माझा, आतली पेज माझी, अन् घोटणारे हात हिरव्या बांगड्यांचे, दिपालीचे! माझा पहिला व्हिडिओ गायब. साहिल कामावरून, वाडीच्या गोडाऊनमधून, आल्यावर त्याले विचारलं, तर म्हणते, आई, तू जास्त विचार नको करू. म्हणजे त्यालेही ठाऊक आहे. बाई, माझा धंदा माझ्या हातून काढून घेऊन राहिले का हे दोघं?

उत्तर पिंकीच्या घरच्या पत्त्यावर टाक. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
गोपिका

पारशिवनी
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. दिपालीस,
अंजनामावशीचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र मुद्दाम साहिलच्या गोडाऊनवर पाठवून राहिली. तुरी फुलावर आल्या, माझा गुडघा आहे तसाच. आता कामाचं.

ज्या हातचं खाऊन माणसं बरी होऊन आपल्या गावी गेली, ते हात काढून तू आपले काहून दाखवून राहिली? फोन काहून लपवतं? तू लग्न होऊन आली तेव्हा तुले वरण घोटणंही येत नव्हतं, अन् गोपिकानं कोणाले कळू दिलं नाही. धंदा आपल्या नावावर कराचा असन तर तोंडावर सांग. माझ्या बहिणीच्या पाठीशी कोणी नाही, असं समजू नको.

लोभ आहे, म्हणूनच कडक लिहिलं.

तुझी,
मावशी

धंतोली, नागपूर
२३ नोव्हेंबर २०२४

ती. मावशींस,
सौ. दिपालीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून रडू आलं, आणि रागही आला.

आईंच्या दोन्ही हातांवर कोड आहे. मला ते आता दिसतच नाही, म्हणून तो व्हिडिओ टाकताना मनातसुद्धा आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याखाली लोकांनी लिहायला सुरुवात केली. असल्या हातचं पेशंटला खाऊ घालता का? त्यांना रोग लागला तर? एकानं लिहिलं, आधी म्हातारीचे हात झाका. कोड लागत नाही, असं मी एकेकाला समजावत बसले. मी जितकं लिहावं तितके नवे लोक येत गेले. शेवटी व्हिडिओच काढून टाकला.

आईंनी हे वाचलं तर त्या पुन्हा गॅसपाशी उभ्या राहणार नाहीत, ही मला भीती. साहिलही म्हणाले, आईला काही कळू देऊ नको. म्हणून फोन लपवते. त्यांना मी चोर वाटते ना, वाटू द्या. पण तुम्ही त्यांना हे सांगू नका, तुमच्या पाया पडते.

आपली,
दिपाली

धंतोली, नागपूर
४ डिसेंबर २०२४

ती. अंजनाबाईस,
गोपिकाचा नमस्कार. वि. वि.

दिपालीनं नको म्हटलं तरी तू मले सारं कळवलं, बरं केलं. वाचून मी बाहीत हात ओढून बसली. त्या दिवशी डबे तिनंच केले. दुसऱ्या दिवशी मी तिले समोर बसवलं अन् म्हटलं, काय काय लिहिलं लोकांनी, सारं वाच. पुसलं म्हणाली. मी म्हटलं, आठवत असन ते सांग. सांगता सांगता ती उठून भांडे आवरायले लागली. मी म्हटलं, पुढं बोल.

राग आला मले. लोकांचा आलाच, पण माझे हात अन् मलेच विचारलं नाही, याचाही आला. तसं तिले बोलून दाखवलं. मग मीच म्हटलं, लाव फोन. तोंडासकट घे. भात घोटता घोटता सांगितलं, मी गोपिका, हे कोड आहे, हे लागत नाही, ज्याले चालते त्यानं डबा न्यावा.

पुष्कळांनी डबे बंद केले, खोटं काहून सांगू? आता जो येते त्याची नजर मी आधी पाहते. ही सवय काही जात नाही. लोक लिहितात ते दिपाली रोज वाचून दाखवते, वाईटही.

काल एक म्हातारा आला. बायकोले पोटाच्या ऑपरेशनसाठी आणलं आहे म्हणे. मी डबा पुढं केला, तसं त्यानं माझ्या हातांकडं पाहिलं. मी डबा तसाच धरून ठेवला. त्यानं झाकण काढलं, वास घेतला, अन् मीठ कमीच टाकलं ना, एवढं विचारलं.

जीव लावते तसाच लावत राहा.

तुझीच,
गोपिका