मोरीवरचे पिवळे दिवे

८ जाने. २००७, सोम.
थंडी मस्त. आभाळ स्वच्छ, धुकं नाही, चांदण्या दिसत होत्या. ६.१० ला खरवईहून निघालो. मांजर्लीची सगळी पोरं वेळेत खाली. गच्चीतून आयांना व्हॅनचे पिवळे दिवे दिसले की त्या पोरांना घेऊन जिना उतरतात. हॉर्न नाही, हाका नाही. वर्षभर हेच चाललंय, कुणाची तक्रार नाही.
नदीकडच्या मोरीच्या पुलावर डाव्या हाताला कुणीतरी टोपली घेऊन होतं. आरशात बघितलं तर टोपली खाली. ठेवली असेल. तीन पोरं घ्यायची बाकी होती, थांबलो नाही. अंबरनाथला शिवमंदिराजवळ शाळेत ६.५५ ला पोचलो.

९ जाने., मंगळ.
सु. बाजारातून वालाच्या शेंगा न घेताच आली. बारकूबाई बसलीच नव्हती म्हणे. ही पाड्यावरची म्हातारी, पहाटे टोपली डोक्यावर घेऊन चालत येते. सु. लग्न होऊन माझ्या घरी आली तेव्हापासून तिच्याकडूनच शेंगा घेते. शेजारी बसणाऱ्या बाईने सांगितलं, काल पहाटे मोरीवरून खाली पडली. मनगट मोडलं, प्लॅस्टर घातलंय. पडली कशी, तर म्हातारी सांगते, समोर सगळं पिवळं पिवळं झालं आणि मग काहीच दिसेना. तिचा पोरगा म्हणतो मोतीबिंदू.
भाकरी तशीच राहिली. सु.ने विचारलं, काय झालं. पोट ठीक नाही म्हणालो.

१० जाने., बुध.
दिवसभर स्वतःशी वकिली केली. पिवळे दिवे स्टँडवरच्या चार व्हॅनना आहेत. खरं. पण त्या वेळी मांजर्लीला माझ्याशिवाय कुणी जात नाही. धुकं असेल, त्यात पडली असेल. तर परवाचं पान उघडलं. माझ्याच हाताने लिहिलंय, धुकं नाही.

११ जाने., गुरु.
पोरं सोडून अंबरनाथच्या मास्तरांकडे गेलो. मला गाडी यांनीच शिकवली. आता सत्तरी ओलांडलीय, तरी सकाळी खुर्ची टाकून क्लासच्या दारात असतात. विचारलं, फॉगलाइट नक्की कधी लावायचे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. धुकं, धो-धो पाऊस, नाहीतर पुढचं दिसेनासं होईल इतकी धूळ. तेही हेडलाइट डिपरवर, म्हणजे झोत खाली ठेवून. हवा साफ झाली की बंद. समोरच्याच्या डोळ्यांत मारायला ते दिलेले नाहीत, कायद्याने नाही आणि अकलेनेही नाही. मी म्हटलं, मास्तर, सगळेच लावतात. "सगळ्यांचं तू मला विचारलंच नाहीस," म्हणाले.
एकोणीस वर्षं गाडी चालवतोय. हा प्रश्न आज पहिल्यांदा विचारला. लाज वाटली.

१२ जाने., शुक्र.
उल्हासनगर. ज्या दुकानात दिवे बसवले तिथेच. त्याने वायर हेडलाइटच्याच बटणाला जोडली होती, म्हणजे हेडलाइट लावला की पिवळेही लागणार. माझीही चूक, बसवताना मीच म्हटलं होतं की असू दे, पोरांच्या आयांना लांबून कळेल. आज वेगळं बटण हवं म्हटल्यावर हसायला लागला. "अरे साईं, शो के लिए सब ऐसे ही लेते हैं." मी म्हटलं, मला शो नको. दोन तास बाकड्यावर बसून राहिलो, कंटाळून शेवटी त्याने बसवून दिलं. डॅशबोर्डवर डावीकडे, वेगळं.

१३ जाने., शनि.
आज पिवळे बंद. मांजर्लीत खाली एकही पोर नाही. ६.२० ला रिकाम्या गेटसमोर मी आणि एक कुत्रं. तीन जिने चढून दारं ठोठावली. शाळेत पोचायला सव्वासात झाले. चिंट्याच्या आईने चांगलंच झापलं. "काका, तुमचे दिवे दिसले की मी त्याला बूट घालते. न सांगता असं कसं बंद करता?" सांगितलं, वहिनी, घड्याळ बघा, ६.२० म्हणजे ६.२०. ती म्हणाली मग दुसरी व्हॅन बघते. बघा म्हटलं. व्हॅनमध्ये बसल्यावर बटणाकडे बघितलं, पण दाबलं नाही.

१४ जाने., रवि.
पाड्यावर गेलो. चिकू घेऊन. बारकूबाई अंगणात खाटेवर, हात गळ्यात बांधलेला. पोरगा भिवा भला माणूस, चहा दिला. तो म्हणाला, "आईला आता दिसत नाय. बाजार बंद केला तिचा. रस्त्याव कोन सोडणार?" टोपली आढ्याला टांगून ठेवलीय. म्हातारी आमच्या बोलण्यात नव्हतीच. चांगला हात डोळ्यांसमोर धरायची, बोटं मोजायची, हात थोडा लांब न्यायची, परत मोजायची.
पाची बोटं बरोबर मोजत होती. मी बघितलं.
आणि काहीही न बोलता, त्यांचा चहा पिऊन, परत आलो. भित्रा माणूस आहे मी, दुसरं काय.

१६ जाने., मंगळ.
आज खरं धुकं. नदीवरून असं आलं की बॉनेटच्या पुढे काही नाही. हेडलाइट डिपरवर, पिवळे लावले, दुसऱ्या गिअरमध्ये. रस्त्याची डावी कड दिसायला लागली, दोन सायकलवाले दिसले, वेळेत. ह्या दिव्यांचं काम काय ते एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. चढावर हवा मोकळी झाली, बंद केले.
चार आया घड्याळ बघून खाली होत्या. चिंट्या नव्हता. धुक्याशिवाय दिवे लावत नाही म्हणून स्टँडवर मला 'वकीलसाहेब' म्हणून चिडवतात. चिडवू दे.

१८ जाने., गुरु.
सु.ला सगळं सांगितलं. तिने हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, ते केस करतील, लायसन जाईल, व्हॅन जाईल, पोरांची शिक्षणं व्हायचीयत. सगळं बरोबर. मी म्हटलं, मी गप्प बसलो तर ती बाई जन्मभर आंधळी ठरणार, आणि मला माहितीय की ती आंधळी नाही. सु. उठून भांडी घासायला लागली. जोरात. मग तिथूनच म्हणाली, "रविवारी मी पण येते. एकटे गेलात तर परत चहा पिऊन याल."

२१ जाने., रवि.
सांगितलं. चहाच्या आधी, उभ्यानेच. मोरी, वेळ, दिवे, आरशात दिसलेली टोपली, थांबलो नाही ते पण.
भिवा उठला. वाटलं मारणार. मारलं नाही. उद्या पोलीस चौकीत जातो म्हणाला, भावकीशी बोलून. जा म्हटलं.
बारकूबाईने इतका वेळ माझ्याकडे बघितलं नव्हतं. आता बघितलं.
"तवा धुका होता का?"
"नव्हतं."
"मंग दिवं कशाला लावलेस?"
पोरांना खाली आणायला, आयांना लांबून दिसावं म्हणून, सगळेच लावतात म्हणून. काय काय तोंडावर आलं. सु.ने पण मदत केली नाही, बरंच केलं.
म्हातारी भिवाकडे वळली. "आयकलास? माझं डोळं बरं हाईत." मग सुनेला म्हणाली, ती टोपली खाली काढ. सून भिवाच्या तोंडाकडे बघत राहिली. म्हातारीने परत सांगितलं. टोपली अजून वरच होती आम्ही निघालो तेव्हा.
भिवाला व्हॅनचा नंबर, माझं नाव, पत्ता कागदावर लिहून दिला. त्याने वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. चहा कुणी विचारला नाही.
उद्या सोमवार. ६.१० ला निघायचं.