अर्ध्या शेताचं पाणी

रायांवाली, जि. गंगानगर
१३ मार्च २०२२

चि. मुकंदसिंग यास,

थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. वाहेगुरू तुला सुबुद्धी देवो, म्हणजे माझी शाई वाचेल.

परवा फोनवर तू सात वेळा ‘कोण?’ विचारलंस आणि मी सात वेळा ‘बचिंत!’ म्हणून ओरडले. आठव्यांदा आमच्या शेजारची बचिंतच ‘काय गं?’ करत भिंतीवरून डोकावली. तेव्हा पत्रच बरं.

इकडे होळीच्या आधीच जेठातलं ऊन उतरलंय. कुत्री माठाखालच्या ओलीत जाऊन पडतात आणि हुसकावलं तरी उठत नाहीत. गव्हाचा दाणा अजून चिकात आहे. आता ऊन लागलं तर भरायच्या आधीच म्हातारा होईल, काही माणसं होतात तसा. संध्याकाळी वारा पडला की आम्ही हलकं पाणी देतोय, तूही दे.

रमनीतनेही तुला हेच सांगितलं म्हणे, तर तू कानातलं यंत्र काढून खिशात टाकलंस. शेतकी कॉलेज शिकलेली सून आणली म्हणून गावभर पेढे तूच वाटले होतेस ना? मग तिचं शिक्षण काय पेढ्याच्या खोक्यात बांधून ठेवायचं? तुझा गुरलाल कापणीचं कंबाइन यंत्र घेऊन मध्य प्रदेशात गेलाय. म्हणजे सध्या घरात डोकं असलेलं माणूस ती एकटीच.

राग आला तर ये. भांडू, पण माया कमी करू नकोस.

तुझी बहीण,
बचिंत कौर

*

कोट लद्धा, जि. बरनाला
१९ मार्च २०२२

ती. भैनजीस,

धाकट्या आणि तुझ्या मते बिनडोक भावाचा पायांना नमस्कार. पत्र मिळालं. शिव्या मोजल्या, नेहमीपेक्षा दोन कमी भरल्या. तब्येत बरी आहे ना?

पंचेचाळीस वर्षं गहू पिकवला मी. ओंब्या भरलेल्या असताना पाणी दिलं आणि वारा सुटला, तर शेत सतरंजीसारखं झोपतं. बापूंच्या शेवटच्या वर्षी तेच झालं होतं, विसरलीस का? ते बांधावर बसून राहिले होते आणि त्यांना उठवायला मी गेलो होतो, तू नाहीस. त्यामुळे पाणी देणार नाही, असं रमनीतला सांगून टाकलंय. सून गप्प बसली की मला उन्हापेक्षा जास्त भीती वाटते.

ऊन मात्र खरंच लाज सोडून पडलंय. पारावर दुसरा विषय नाही. नाहरसिंगच्या मुलीचं लग्न वैशाखात, म्हणजे गव्हावर. न्हावी वर्षाची दाढी गव्हावर करतो. बाजारातले हमाल, ट्रॉलीवाले, गुरुद्वाऱ्याचे ग्रंथीजी, शाळेच्या मास्तरांची वर्गणी, सगळ्यांची नजर त्याच एका दाण्यावर. एवढ्या लोकांनी टक लावून बघितलं तर बिचारा आकसणार नाही तर काय! गुरलालचा निरोप आहे की तिकडचा गहूही हलका उतरतोय.

तुझ्या म्हशीला आणि तुला, दोघींना रामराम. लोभाचा कोटा चालू ठेवावा.

तुझा मुकंद

*

रायांवाली
२ एप्रिल २०२२

चि. मुकंदास अनेक आशीर्वाद,

बापूंची आठवण काढून तू माझं तोंड बंद केलंस, पण चारच दिवस.

आता एक गोष्ट सांगते. बसून वाच, आणि वाचून आरडाओरडा केलास तर मी तिथे येऊन राहीन, दोन महिने, म्हशीसकट. तू संध्याकाळी पारावर जाऊन बसलास की रमनीत मोटर चालू करत होती. तीन संध्याकाळी तिने पाणी दिलं. विहिरीकडचे पाच एकर झाले, पुढे वारा सुटायला लागला म्हणून थांबली. हे पोरीनेच मला फोनवर सांगितलं. पापाजींना कळलं तर शेतात पाऊल ठेवू देणार नाहीत, म्हणाली. मी म्हटलं, त्यांना काय कळतंय!

आमचा गहू कापून झाला. दरवर्षीपेक्षा कमीच, पण कोरड्या ठेवलेल्या शेजाऱ्याचा बघवत नाही. गव्हांडाही निम्मा निघाला. जनावरांना काय घालायचं, या विचाराने त्यालाच जेवण जात नाही.

पोरीवर ओरडू नकोस. ओरडायचं तर मला पत्र घाल, इतकी वर्षं सवय आहे मला.

तुझी बचिंत

*

कोट लद्धा
१७ एप्रिल २०२२

ती. भैनजीस साष्टांग नमस्कार. या वेळी खराखुरा.

मला काय कळतंय म्हणालीस ना? पहिल्याच संध्याकाळी पारावरून बांधाने परतलो तर घोट्यापर्यंत चिखलात गेलो. एक जुती अजून तिथेच आहे. सगळं समजलं. रमनीत दारात उभी होती, चेहरा चुन्यासारखा. मी पाय धुतले आणि भाकरी मागितली. पुढच्या दोन संध्याकाळी पारावर मुद्दाम तासभर जास्त बसलो. नाहरसिंगच्या कमरेचं दुखणं दोनदा ऐकलं, तेही यंत्र लावून! याहून जास्त सुनेसाठी काय करायचं? शेत दोघांत वाटलं गेलंय तर वाटलं जाऊ दे, एक तरी बरोबर ठरेल, असं मनाशी धरलं होतं. मी ठरलो नाही.

वैशाखीच्या आधी माझ्या पाच एकरांत गेलो. ओंबी चोळली, फुंकर मारली, आणि तळहात जवळजवळ रिकामा झाला. उरले ते दाणे जिऱ्यासारखे. खूप वेळ बांधावर बसलो. मला उठवायला रमनीत आली. ‘चला पापाजी, चहा निवतोय,’ एवढंच म्हणाली. दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

गुरलालने येऊन कापणी केली. तिच्याकडे एकरी अठरा क्विंटल, माझ्याकडे तेरा. मी हट्टाने दोन वेगळ्या ट्रॉल्या भरल्या आणि बाजारात दोन वेगळे ढीग घातले. तिचा गहू सगळ्यांनी बघावा, माझाही बघावा. मग चहाला गेलो. परत येतो तर हमाल फावड्यांनी दोन्ही ढीग एकात लोटतायत आणि रमनीत ओढणी खोचून मध्ये उभी. मी ओरडलो, अगं, हे काय करतेस? तर म्हणते, ‘तुमचा एकट्याचा गहू सरकारी खरेदीचा माणूस परत पाठवेल, पापाजी. घर एक आहे, तर ढीग दोन कशाला?’

सरकारी माणसाने मूठभर उचलून पाहिला, जरा नाक मुरडलं आणि पास केला. मी गोणीवर बसून पगडीच्या टोकाने डोळ्यांतली धूळ पुसत होतो. बाजारात धूळ फार.

मग अडत्याचा मुनीम वही घेऊन आला. ढीग कोणाचा, विचारलं. म्हटलं, रमनीत कौरचा. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पंचवीस वर्षं तो माझंच नाव लिहीत आलाय. मग तुम्ही कोण, म्हणाला.

म्हटलं, मी तिचा सासरा. गोण्या राखायला बसलोय.

तुझा भाऊ,
मुकंदसिंग