पालकाची सही

किल्लारी,
५ जून २०२५

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम. इकडे सर्व ठीक. तुम्ही कानाचं मशीन पुन्हा डब्यात ठेवल्याचं नागसेनदादानं कळवलं, म्हणजे फोन करून उपयोग नाही. त्याच्या मोबाइलवर लिहावं तर आधी वहिनी वाचतात, मग बबलू. ही गोष्ट फक्त तुमची-माझी आहे, म्हणून पोस्टाचं पाकीट.

बदली होऊन इथं किल्लारीजवळच्या गावी शाळेवर आले, पहिलीचा वर्ग मिळाला. प्रवेशाची यादी करत होते. सव्वीस लेकरं. एकोणिसावं नाव जया. आईबाप पुण्याला कंपनीत, सांभाळायला आजोबा. पालक म्हणून आजोबांचं नाव वाचलं आणि माझा पेन थांबला. शेषेराव गुरुजी. तेच. कागदांत फोटो होता, खात्री केली.

बाबा, मी पहिलीत असताना पालक सभेला तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आला होतात. साक्षरता वर्गात चार महिने घासून सही शिकला होतात, ती पहिल्यांदा चारचौघांत करायची होती. आणि गुरुजींनी तुमचं मनगट धरून अंगठा पॅडवर दाबला आणि रजिस्टरवर उठवला. तुमच्या लोकांना हेच सोपं पडतं, असं वर म्हणाले. सगळे हसले. भीतीनं मीही हसले, ते मला आजवर टोचतं. तुम्ही परत कधी शाळेची पायरी चढला नाहीत.

एकवीस तारखेला माझ्या वर्गाची पालक सभा आहे. पालकांनी लेकराच्या जागी चटईवर बसायचं, चपला ओळीत लावायच्या, हात धुऊन ताटावर बसायचं, शाळेचा दिवस कसा जातो ते करूनच बघायचं. मग आमची अपेक्षा सांगणार. दिवाळीपर्यंत लेकराला साधे शब्द वाचता यावेत, वीसपर्यंत मोजता यावं. घरच्यांनी रोज दहा मिनिटं वाचन ऐकायचं आणि वहीत सही करायची. सही येत नसेल त्यांनी चांदणी काढली तरी चालते. अंगठा मी कुणाचाच घेत नाही. पण यंदा एक शाईचं पॅड आणलंय, एकट्यासाठी. सगळ्यांदेखत त्यांचं मनगट धरणार आहे.

रागावलात तरी माया आटू देऊ नका.
तुमची,
विशाखा


किनवट,
११ जून २०२५

चि. विशाखास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. तुझं पत्र दोनदा वाचलं. दोन्ही वेळा चहा निवला. मशीन डब्यात ठेवतो, कारण घालून ऐकावं असं या घरात कुणी बोलतच न्हाई.

तू बाई हायस, शिकवणाऱ्या माणसानं असं करू नये, हे मला लिहिता आलं असतं. न्हाई लिहित. सव्वीस साल झाले पोरी. कुणी गंमतीनं हात धरला तरी अजून माझं मनगट आवळतं. हॉस्टेलात चौकीदार झालो, तिथल्या पोरांसंगं वाचा-लिहायला शिकलो, हजेरीला रोज सही केली, अन् दर सहीला त्या माणसाची याद आली. तुला वाटलं का मी विसरलो?

पॅड जांभळंच आण. ते लवकर निघत न्हाई. माझं धा दिवस निघालं न्हाई, चुलीच्या राखेनं घासत होतो. दाबताना घाई करू नको, सगळ्यांना नीट बघू दे. अन् मग सांग, पंढरीची लेक हाय म्हणून.

जेवणाची आबाळ करू नको. जीव तुझ्यापाशीच हाय.
तुझा,
बाबा


किल्लारी,
२२ जून २०२५

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम. सगळं मातीत गेलं.

सभा छान भरली. एका लेकराच्या गुरम्मा आजींनी वहीत चांदणी इतकी ठसठशीत काढली की टाळ्या पडल्या. मग मी पॅड घेऊन गुरुजींपुढे गेले. मनगट धरलं तर हात लुळा. दोन वर्षांमागं लकवा मारला म्हणे. त्यांनी स्वतःच डाव्या हातानं उजवा अंगठा उचलून पॅडवर ठेवला. वर सगळ्यांना सांगितलं की मॅडमनी आधीच चौकशी करून सोय केली, अशी बाई नातीला मिळाली हे भाग्य! मला ओळखलंसुद्धा नाही. लग्नानंतरचं आडनाव, ओळखणार कुठून?

आणि बाबा, लोकांनी माझा सत्कार केला. नारळ दिला मला, नारळ! तुमचं नाव सांगायला तोंड उघडलं, तोवर टाळ्या सुरू झाल्या आणि ते राहूनच गेलं. इतकी वर्षं जपलेला राग त्या माणसानं आभार मानून नेला. घरी येऊन नारळ दगडावर आपटला.

तुमच्या लेकीला कशाचीच अक्कल नाही, तरी लोभ ठेवा.
तुमची,
विशाखा


किनवट,
३० जून २०२५

चि. विशाखास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. नारळाचं वाचून आधी हसलो, मग लई संताप आला. चार दिवस विचार करून राहिलो.

लकव्यानं त्याला सोडवलं, आपण सोडायचं न्हाई. डावा हात चालतो ना? तुझ्या वर्गात रोज पालकाची सही लागते, नियम तूच केलास. शिकलेल्या माणसाला चांदणी चालणार न्हाई म्हण, अंगठाबी चालणार न्हाई. डाव्या हातानं सही पाहिजे. येत नसंल तर शाळा सुटल्यावर पहिलीच्या चटईवर नातीसंगं गिरवत बसू दे. मला बिगारीच्या हातानं चार महिने लागले, त्यालाबी चार दे. रेघ वाकडी गेली की पुसून परत काढायला लाव. चारचौघांत अक्षर न येण्याची लाज काय असती, ती बघू दे एकदा. सही जमंपर्यंत तू कोण ते सांगू नको.

रड थांबव आता. डोक्यावर हात हायच माझा.
तुझा,
बाबा


किल्लारी,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम. तुम्ही सांगितलं तसंच केलं. शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास. एका दिवशी पाटीवरचं एकच अक्षर सत्तावीस वेळा पुसायला लावलं. जया त्यांना दटावायची, आजोबा, रेघेच्या बाहेर जाऊ नका म्हणून. बाकीचे पालक दारातून बघून हसायचे, मी हसू दिलं. एकदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू? ऑगस्टात मन नरम पडायला लागलं, तेव्हा तुमचं पत्र काढून परत वाचलं.

परवाच्या पालक सभेत त्यांनी रजिस्टरवर सही केली. तुमच्यापेक्षा लवकर शिकले, ते मला मुळीच आवडलं नाही. तिथंच सगळ्यांसमोर सांगितलं की मी पंढरींची लेक, ज्यांचा अंगठा तुम्ही दाबला होता. ते काठी विसरून उठायला गेले आणि जयानं सावरलं. त्यांना आठवत नसेल असं वाटलं.

काल जयाच्या वहीत घडी घातलेला कागद आला, तुमच्या नावाचा. मी वाचला, क्षमा करा. सोबत जोडते.

तब्येत सांभाळा, माझ्यासाठी तरी.
तुमची,
विशाखा


११ ऑक्टोबर २०२५

श्री. पंढरी यांस,
सा. न. डाव्या हाताने थोडेच लिहवते. तुम्हाला सही येते हे मला माहीत होते. साक्षरता वर्गाच्या बाईंनी आदल्या दिवशी कौतुकाने सांगितले होते. म्हणूनच अंगठा धरला.
शेषेराव


किनवट,
१९ ऑक्टोबर २०२५

चि. विशाखास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. पाकीट पोचलं.

इतकी साल मी मनाला सांगत आलो, त्याला ठाऊक नसंल, चुकून झालं असंल. तेवढ्याच आधारावर दिवस काढले. आता तेबी गेलं. कागद हातात घेऊन लई वेळ अंगणात बसलो. सुनबाई दोनदा जेवायला बोलवून गेली म्हणे, मला ऐकू आलं न्हाई.

त्यानं माफी मागितली न्हाई, बरं केलं. मागितली असती तर न्हाई म्हणायला मला एक कागद खराब करावा लागला असता. पोरीला मातर नीट शिकव, तिचा काही गुन्हा न्हाई. दिवाळीची सुट्टी संपायच्या आत चार दिवस इकडं ये, बबलू वाट बघून राहिला.

गुरुजींना उत्तर लिहिणार न्हाई. तू तोंडी निरोप दे, सगळे पालक असतील तेव्हाच दे: पत्र पोचलं, अन् पंढरीनं ते कुणाकडून वाचून घेतलं न्हाई.

तुझा,
पंढरी