तीन पाण्यांनी धुतलेली बाटली

२ एप्रिल
मुलीचा फोन. सुट्टीत नातीला घेऊन महिनाभर यायचं मनात आहे म्हणाली, पण बाबा, पाण्याचं काय? गेल्या वर्षी इथून परतल्यावर पोरगी सलाइनवर होती. म्हटलं, तो प्रवासाचा त्रास. पाणीपुरवठा खात्यात माझी उभी हयात गेली. माझ्या हातचा एक नमुना आजवर नापास झालेला नाही. म्हणाली, नमुना पास होतो बाबा, पोट नापास होतं.
आईवर गेली आहे.
संकल्प: या वेळी लॅबचा रिपोर्टच पाठवायचा. म्हणजे प्रश्न मिटला.

५ एप्रिल, सकाळी
समोरचा टेलर बाटलीत पाणी घेऊन दारात. साहेब, हे नळाचं की चहाचं? म्हटलं, थोडं लोह असतं, अंगाला चांगलं. तर म्हणाला, माझ्या तोंडात दिवसभर टाचण्या असतात, लोह भरपूर जातं. हे तुम्हीच घ्या. बाटली ठेवून गेला.
आमच्या गल्लीतली लाइन गटाराशेजारून जाते हे खरं. पण शेजार म्हणजे संबंध नव्हे. माझा आणि टेलरचाही शेजारच आहे.
संकल्प: उद्यापासून रोज उपाशीपोटी नळाचं पाणी प्यायचं. दारात उभं राहून, टेलरला दिसेल असं.

६ एप्रिल
प्यायलो. टेलरने मशीन थांबवून पाहिलं. चव किंचित मातकट. चव हा सवयीचा भाग आहे.

७ एप्रिल
रजा. पोट. ऑफिसातली बिस्किटं शिळी असणार.
ही म्हणाली, नळाचं प्यायलात ना? म्हटलं, इतकी वर्षं पितोच आहे. म्हणाली, इतकी वर्षं तुम्ही मी उकळलेलं पिताय. ऑफिसात सगळे तुम्हाला फिल्टरसाहेब म्हणतात ते ठीक आहे, घरातला फिल्टर मी आहे.
मला कल्पना नव्हती. म्हणजे, गॅसवर रोज मोठं पातेलं दिसायचं. मला वाटायचं, भांड्यांसाठी असेल.
संकल्प तूर्त स्थगित. रद्द नाही.

१० एप्रिल
नमुना घेण्याचा दिवस. या कामात माझा हात धरणारा कोणी नाही. लॅबकडून येणाऱ्या बाटल्या कमालीच्या अस्वच्छ. दरवेळी तळाशी पांढरी भुकटी. आधीचे साहेब तशाच भरायचे, आणि त्यांचे नमुने धडाधड नापास व्हायचे. मी चार्ज घेतला तेव्हापासून प्रत्येक बाटली ब्रशने घासून तीन पाण्यांनी धुतो. तेव्हापासून सगळे पास. स्वच्छतेला पर्याय नाही.
या वेळी मुद्दाम टेलरच्या नळाचं पाणी घेतलं. टाकीत क्लोरीन जरा सढळ हाताने टाक, असं पंपवाल्याला सकाळीच सांगून ठेवलं होतं. तो म्हणाला, काय साहेब, आज नमुना वाटतं?
माणसं फार बोलतात.

१५ एप्रिल
रिपोर्ट आला. पिण्यास योग्य!
मुलीला फोटो पाठवला. तासाभराने तिचा फोन. येते म्हणाली, तिकीट काढते. मग नातीने फोन ओढून घेतला. आजोबा, तुमचा नळ उंच आहे का? मला तोंड लावून प्यायचंय. म्हटलं, मी उचलून धरीन.
हिने माळ्यावरून आणखी एक पातेलं काढलं.

१८ एप्रिल
मन प्रसन्न होतं, म्हणून राहिलेली तक्रार करून टाकली. लॅबमध्ये नव्या मॅडम आल्या आहेत, त्यांना फोन लावला. म्हटलं, मॅडम, बाटल्या धुऊन पाठवत जा, ती भुकटी दरवेळी मला घासून काढावी लागते.
मॅडमनी विचारलं, काय काढता साहेब? म्हटलं, भुकटी. त्या म्हणाल्या, कधीपासून? म्हटलं, चार्ज घेतल्यापासून. माझा आवाज जरा अभिमानाचाच होता.
मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, साहेब, ती आम्हीच टाकतो. पाण्यातल्या क्लोरीनचं काम त्या भुकटीने तिथल्या तिथे थांबतं. ती धुऊन टाकली की बाटली इथे पोचेपर्यंत क्लोरीन आतले जंतू मारत बसतं. मग आम्ही तपासणार काय? नळाखाली ओंजळ धरणारा माणूस एवढा वेळ थांबतो का?
मॅडम नव्या आहेत. अनुभव कमी.

१९ एप्रिल
केवळ मॅडमचं समाधान व्हावं म्हणून टेलरच्या नळाचं पाणी पुन्हा घेतलं. बाटली न धुता. हात नुसते शिवशिवत होते. पंपवाल्यालाही काही सांगितलं नाही. तो दोनदा येऊन विचारून गेला, नक्की ना साहेब?

२३ एप्रिल
पिण्यास अयोग्य. खाली जंतूंचं नाव आहे. ते गटारात असतात.
एका नमुन्यावरून निष्कर्ष काढणं बरोबर नाही.
लाइन बदलण्याबद्दल वरच्या साहेबांना लिहायला हवं. लिहायला बसलो होतो. पण मग आधीच्या रिपोर्टांचं काय, हे कोणीतरी विचारणार. शब्द नीट निवडायला हवेत. उद्या.
गेल्या वर्षीचा तो प्रवास आठवत होतो. पोरगी गाडीत बसताना हसत होती. हातात आमच्या नळावर भरलेली बाटली. मीच भरून दिली होती.
जेवण गेलं नाही. हिने पाण्याचा पेला पुढे ठेवला. कोमट होता. प्यायलो.

२४ एप्रिल
जाता जाता टेलरला म्हटलं, पाणी उकळून पीत जा, घशाला बरं असतं. त्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि माझ्याकडे पाहत राहिला. टोमणा मारला नाही. मारायला हवा होता.
वरच्या साहेबांना लिहिलं. चार ओळी. रिपोर्ट जोडला. आधीचे नमुने पुन्हा घ्यावेत, एवढंही घातलं. कारण लिहिलं नाही. जागा उरली नव्हती.
संध्याकाळी मुलीला फोन केला. म्हटलं, या सुट्टीत नका येऊ, घराला रंग द्यायचं काम काढलंय. वास फार, लहान मुलांना बाधतो. ती म्हणाली, अहो बाबा, पोरगी बॅग भरून बसलीय. म्हटलं, तुम्हाला भेटायला आम्हीच येतो. ती म्हणाली, बाबा, पाणी ठीक आहे ना?
म्हटलं, पाणी उत्तम आहे. प्रश्न रंगाचा आहे.
तिने विचारलं, कुठला रंग? म्हटलं, फिकट निळा.
फोन ठेवला तर ही दारात उभी. म्हणाली, आता घराला रंग तरी द्या.