पयाले चाललो

अमरावती, बुधवार

ती. देवीदासमामा,

गेल्या रविवारी सकाळी आठ वाजून छत्तीस मिनिटांनी, जठारपेठेत तुमच्या कुलूप लावलेल्या घरासमोर, अर्धं केळं तोंडात आणि अर्धं हातात असताना माझं आयुष्य बदललं. हे आधीच सांगून टाकलं, कारण तुम्ही आणि मामी रिद्धपूरहून दर्शन करून परतल्यावर शेजारच्या पार्बताबाईंनी ते तुम्हाला त्यांच्या पद्धतीने सांगितलंच असेल. आता नमस्कार. दोन्ही पोटऱ्यांत गोळे आहेत, वाकता येत नाही, तेव्हा उभ्यानेच घ्यावा. मामींनाही तसलाच द्यावा. तुमची शुगर आणि मामींचे गुडघे बरे असतील असं धरून चालतो. (गुडघ्यांबद्दल मला आता इतकं कळतं की मामींनी मला एकदा विचारायला हरकत नाही. आमच्या पळणाऱ्यांच्या मंडळात सकाळ-संध्याकाळ दुसरा विषय नसतो.)

पार्बताबाईंचं म्हणणं असं ऐकलं की भाचा पोरगी घेऊन आला आणि मामाच्या ओट्यावर धरला गेला. मामा, मी पोरगी आणली नाही. पोरगी माझ्या दीड किलोमीटर पुढे होती. सगळं दुःख तिथेच आहे.

तुम्हाला माहीतच आहे की मी इंजिनिअरिंग तिसऱ्या सेमिस्टरला सोडलं. (सोडलं म्हणजे हजेरीवरून सरांशी बोलाचाली झाली, मी जर्नल त्यांच्या टेबलावर आपटलं, ते नेमकं चहाच्या कपावर पडलं, आणि त्यानंतर परत जाणं दोघांनाही बरं वाटलं नसतं.) त्यानंतर मी डोकं थंड करायला रोज पहाटे छत्री तलावाकडे फिरायला जाऊ लागलो. तिथे एके दिवशी मागून आवाज आला, "सरका ना भाऊ." मी भांडायला म्हणून वळलो, तर एक पोरगी माझ्या बाजूने निघून गेलीही होती. तिची वेणी फक्त दिसली, तीही लांब जाणारी. मी त्याच दिवशी पळायला लागलो, आणि अजूनपर्यंत मला मुख्यतः वेणीच दिसते. तिचं नाव प्रतीक्षा. बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. भातकुली रोडवर ज्यांचं कृषी केंद्र आहे, ज्यांच्याकडून बाबा दरवर्षी सोयाबीनचं बियाणं आणतात आणि उगवलं नाही की शिव्या देतात, त्या सूर्यभानकाकांची ती मुलगी.

ती 'पहाट पाऊल मंडळा'त होती म्हणून मीही शिरलो. मामा, हे मंडळ एकदा पाहण्यासारखं आहे. सगळे मोठे लोक. कोपऱ्यावरून दूध आणायला गाडी काढणारे हे लोक पळायला मात्र पायी येतात, म्हणजे तलावापर्यंत गाडीनेच येतात आणि तिथून पायी. रात्री झोप कशी लागली हे त्यांना सकाळी घड्याळ सांगतं; घड्याळ म्हणालं वाईट लागली, की दिवसभर जांभया देतात. पाच किलोमीटर पळतात, त्यातले दोन फोटो काढण्यात जातात, आणि मग राजापेठेत येऊन दह्यातला गिलावडा दोन-दोन प्लेट खातात. त्याला रिकव्हरी म्हणतात. आमचे मुख्य एक दातांचे डॉक्टर आहेत. ते दुखणाऱ्या दाढेपेक्षा टाचेवर जास्त बोलतात, आणि सारखं इंग्रजीत. आज 'लाँग रन', उद्या 'इझी रन'. गेल्या शुक्रवारी त्यांनी मला सगळ्यांसमोर सुनावलं की पळण्याला पयणं-पयणं काय लावलंस, चोर पयतात, आपण रनर आहोत. मामा, माझं डोकं तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, माझा आजा कुत्रं मागे लागलं तेव्हा पयत होता, बाप बस पकडायला पयते, मी बी पयतो, आणि मरेपर्यंत पयणंच म्हणीन. प्रतीक्षा तेव्हा हसली. ती हसली म्हणून मी तो शब्द आणखी चार वेळा म्हणालो. माझा नाश तिथूनच सुरू झाला.

शनिवारी मंडळाची चौदा जणांची गाडी ठरली. पहाटे अमरावतीहून निघायचं, अकोल्याची अर्धी मॅरेथॉन पळायची, दुपारी परत. आदल्या रात्री भरपूर खायचं असतं म्हणून मी अकरा पोळ्या खाल्ल्या. आई आनंदाने वाढत गेली. (नंतर तिने तेच रडत सांगितलं, की जाणाऱ्या लेकराने माझ्या हातचं शेवटचं पोटभर खाऊन घेतलं.) पहाटे सगळे झोपलेले, उठवायचं कशाला, म्हणून मी दारावर आतल्या बाजूने चिठ्ठी चिकटवली. तिथे 'रनिंग' असा एक शब्द लिहिला असता तर आज मी सुखी माणूस असतो. पण शुक्रवारचं भांडण डोक्यात होतं. ती चिठ्ठी मला पाठ आहे, कारण तेव्हापासून बाबा ती रोज जेवताना मोठ्याने वाचतात:

"आई, मी प्रतीक्षासंगं पयाले चाललो. अकोल्याले. कपाटातून माझं आधार कार्ड घेतलं आहे, तिनंही तिचं घेतलं आहे. फोन लावू नका, बंद राहीन. जेवायला थांबू नका."

(पळायचा नंबर घेताना आधार दाखवावं लागतं, मामा. आयोजकांचा नियम आहे. यात माझा काय दोष?)

तुम्ही विचाराल, बाबांना कळायला नको का? पण आपल्या घरात 'पयाला' हा शब्द गेली बावीस वर्षं फक्त तुमच्यासाठी राखून ठेवलेला आहे. तुम्ही मामींना घेऊन रिद्धपूरच्या यात्रेतून पळून गेलात तेव्हापासून आमच्याकडे मांजरसुद्धा पयत नाही, पसार होतं. बाबांनी चिठ्ठी वाचली, सूर्यभानकाकांना फोन लावला, तिकडे कपाटात पोरीचं आधार सापडेना, आणि दोघं काकांच्या जीपमधून निघाले. कुठे जायचं याचा विचार दोघांनाही करावा लागला नाही. बाबा म्हणाले म्हणे, पयालेल्याचा भाचा पयालेल्याच्याच घरी जाईन. आणि येऊन तुमच्या ओट्यावर बसले. तुमच्या दाराला कुलूप पाहून तर त्यांची खात्रीच झाली, की मामा साक्षीदार म्हणून सोबत गेला.

इकडे आमची शर्यत चाळीस मिनिटं उशिरा सुटली, कारण प्रमुख पाहुणे वेळेचं महत्त्व यावर बोलत होते. मी खालून ओरडलो की मग सोडा ना आता, त्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पाहुण्यांना वाटलं त्यांनाच, म्हणून ते आणखी बोलले. त्या रागात मी पहिले पाच किलोमीटर असा पळालो की प्रतीक्षासुद्धा मागे पडली. सहाव्याला ती शांतपणे म्हणाली, सरका ना भाऊ, आणि गेली. त्यानंतरचं मला धड आठवत नाही. बाराव्याला गोळा, पंधराव्याला दुसरा, आणि अठराव्याला तुमची गल्ली. केळं घेतलं, मान वर केली, तर ओट्यावर साक्षात बाबा.

मामा, खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. ज्या माणसाने माझं दहावीचं गॅदरिंग पाहिलं नाही, तो शंभर किलोमीटर गाडी करून मला पळताना पाहायला आला! मी दोन्ही हात वर करून, केळ्यासकट, त्यांच्याकडे गेलो. बाबांनी माझ्या छातीवरचा नंबर धरला, अकराशे सत्तेचाळीस, तो फाटून पिनांसकट त्यांच्या हातात आला, मग तो ओट्यावर फेकून त्यांनी कान धरला. आजूबाजूचे धावक म्हणत जात होते, कमॉन काका, सोडू नका त्याला, जोर लावा. त्यांना वाटलं बाबा मला शेवटापर्यंत ओढून नेऊन राहिले.

सूर्यभानकाका मात्र तिथे नव्हते. झालं असं की दहा मिनिटं आधी प्रतीक्षा तिथून गेली होती. काका ओट्यावरून उठून आडवे गेले, तर ती म्हणाली, बाबा, बाजू व्हा, टायमिंग बिघडते, आणि निघून गेली. काका तिच्या मागे. चपलेत. धोतराऐवजी पँट होती एवढंच, बाकी जुन्या सिनेमातला बाप. तीन किलोमीटर, मामा. रस्त्यावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, एकाने त्यांच्या डोक्यावर पाणी ओतलं, आणि शेवटी त्या पांढऱ्या रेघेपाशी त्यांनी पोरीचा हात धरला, तोच दोन स्वयंसेवकांनी दोघांच्याही गळ्यात मेडल घातलं. हातात पोह्यांची पुडी दिली. माइकवरून सांगितलं की बाप-लेकीची जोडी एकत्र आली, टाळ्या झाल्या पाहिजेत. एवढ्या टाळ्यांमध्ये पोरीला मारणार कोण?

तासाभराने ती दोघं मेडल घालून तुमच्या ओट्यापाशी परत आली. काकांची धाप अजून थांबली नव्हती, तरी त्यांनी पोरीला सगळ्यांसमोर विचारलं की खरं सांग, तू याच्यासंगं पयाली का नाही? गल्ली गोळा झाली होती. माझा कान अजून बाबांच्या हातातच होता, पण तो ऐकायला मोकळा होता. मला वाटलं, आता ती एक शब्द बोलेल आणि माझं सोनं होईल. ती बोलली. म्हणाली, "बाबा, मी याच्यासंगं कायले पयू? हा त माया मांगंच रायते."

गल्ली हसली. काका हसले. मामा, बाबा हसले. मी आयुष्यात एवढा कधीच हरलो नव्हतो, आणि मी तर ती शर्यत संपवलीही नव्हती.

तेव्हापासून फोन बाबांच्या कपाटात, मी घरात. पळणं बंद. आई आल्यागेल्याला सांगते, देवीदासवर गेला. तुम्हाला या सगळ्याचा ताप झाला, त्याबद्दल माफी मागतो. पोरीचं मी मनातून काढून टाकलं आहे. पुढच्या महिन्यात बाबांसोबत शेतावर जायला लागेन, हरभरा बघेन, शहाण्यासारखा वागेन. मामींना सांगावं की काळजीचं कारण उरलेलं नाही.

आपला भाचा, यापुढे चालणारा,
प्रीतम

ता.क. (शुक्रवार) पत्र पाठवायचं राहून गेलं ते बरं झालं. आज गुलफाम आला होता. माझा शाळेपासूनचा दोस्त. दर रविवारी पहिल्या गाडीने तयार कपड्यांचे गठ्ठे घेऊन अकोल्याला जातो. त्याची बहीण यास्मीन प्रतीक्षाच्या वर्गात आहे. तिच्याकडून एक पाकीट आलं. आत माझा फाटलेला नंबर, अकराशे सत्तेचाळीस, मागून पट्टी लावून चिकटवलेला, चारही कोपऱ्यांना चार पिना नीट लावलेल्या. मागच्या बाजूला निळ्या पेनने लिहिलं आहे: "रविवारी पाच वाजता, छत्री तलाव. पयाले येतं का?"

मामा, मी हा कागद उन्हात धरून पाहिला, दिव्यासमोर धरून पाहिला. शब्द तोच आहे, पण कोणता? ती मला सरावाला बोलावून राहिली का दुसऱ्या कामाला? तुमच्याशिवाय हे घराण्यात कोणालाच कळणार नाही. बावीस वर्षांपूर्वी मामींनी तुम्हाला विचारलं तेव्हा नेमकं काय म्हणाल्या होत्या? त्यात 'का' होता का? सुरुवातीपासून हेच विचारायचं होतं. वरचं सगळं प्रस्तावना समजा. हरभऱ्याचं खोटं आहे.

ता.क. (शनिवार) नवीन बातमी. सूर्यभानकाकांनी मेडल दुकानात फवाऱ्याच्या पंपाशेजारी टांगलं आहे, बूट विकत घेतले आहेत, आणि मंडळात नाव घातलं आहे. दर रविवारी पाच वाजता छत्री तलावावर येणार. म्हणजे ती सरावालाच बोलावते, असं गुलफाम म्हणतो. मी म्हणतो, उलट. बापासमोर पयून जाण्यासारखं सोपं काही नाही. त्याला वाटेल पोरं पयून राहिली.

ता.क. (रविवार, पहाट) दोन्ही तयारी केली आहे. पायात बूट, चड्डीच्या खिशात आधार कार्ड. गुलफाम खाली गाडी चालू ठेवून उभा आहे. मला तलावावर सोडून तो स्टेशनवर जाईल आणि हे पत्र आठच्या आत तुमच्या हातात देईल. तेव्हा एकच विनंती: आज रिद्धपूरला जाऊ नका, आणि निदान आठ छत्तीसपर्यंत घराला कुलूप लावू नका. कोणी आलं नाही, तर समजा मी पुन्हा मागेच राहिलो.

आई आतून विचारते आहे, कुठे चालला. मी नुसतं 'बाहेर' म्हटलं. आता निघतो, दार ओढून घेतो. या वेळी त्यावर चिठ्ठी नाही.