‘म्हणे’ला जागा नव्हती

३ नोव्हेंबर, सोमवार
आज सकाळी काकड्यानंतर मारुतीच्या पारावरचा फलक लिहिला. तसा रोजच लिहितो, सोळा वर्षं झाली. वर सुविचार, खाली बातमी. पण आज लोक थांबून वाचत होते. दुधवाल्याने तर गाडी उभी केली. म्हणून इथे टिपून ठेवतो.

‘रेशनच्या तांदळात प्लास्टिक. सावध राहा.’

काल संध्याकाळी सातवाल्यांनी सांगितलं. टीव्हीवर सातची चर्चा घेणारे ते, काळ्या कोटातले. काय माणूस! तांदळाची मूठ घेतली आणि कॅमेऱ्यासमोर टेबलावर सोडली. समोरच्या पक्षाचा प्रवक्ता नुसता घाम पुसत होता. मला फार बरं वाटलं. हातात माळ होती. एकशे आठ मणी झाले, पण नाव देवाचं घेतलं की कोटवाल्यांचं, देवच जाणे.

ओळीच्या शेवटी ‘म्हणे’ लिहिणार होतो. फलकाची कड आली. जागा नव्हती. आणि ‘म्हणे’ लावलं की बातमी बातमी वाटत नाही, विहिरीवरची कुजबुज वाटते. सोडून दिलं.

अक्षर मात्र सुरेख आलं. ‘प्ला’ तर बघत राहावा असा.

४ नोव्हेंबर
टीव्हीत दाखवलं होतं तशी परीक्षा घरी केली. (आधी लिहिलं, मग परीक्षा. असा मी.) रेशनच्या तांदळाचा भात, त्याचा घट्ट गोळा, आणि फरशीवर टाकला. उसळला! हिला हाक मारली. म्हटलं, बघ.

हिने दुसऱ्या टोपातला भात घेतला — आमच्या शेतातला, मीच लावलेला, मीच कापलेला. त्याचा गोळा करून माझ्या हातात दिला. तो जास्त उसळला. कपाटाखाली गेला.

मी म्हटलं, तुझ्या हाताने घट्ट वळला गेला. ही म्हणाली, गोळा काढा आधी, मुंग्या येतील.

५ नोव्हेंबर, कार्तिकी पौर्णिमा
काकडा आज संपला. महिनाभर पहाटे उठायची सवय झाली होती.

रेशनवर गेलो तर दुकानात शुकशुकाट. तीन-चार जणांनी घेतलेला तांदूळ परत आणून टाकलेला, पिशव्या दारातच पडल्या होत्या. दुकान बचत गटाच्या बायकांचं आहे, पण राबते छायावहिनी. माझा चुलतभाऊ दामू गेल्यापासून तिचं घर या दुकानावरच चालतं. तिने पोत्यावरचा छापील कागद दाखवला. तांदळात लोह मिसळलंय, पिठाचेच दाणे करून शंभरात एक टाकतात, अंगात रक्त वाढावं म्हणून. दाण्याचा रंग जरा वेगळा दिसतो, एवढंच.

मी म्हटलं, वहिनी, मी कुठं काय म्हणतोय? टीव्हीवर सांगितलं.

ती म्हणाली, “भावोजी, टीव्ही सगळेच बघतात. कोन मानतंय त्याला? अक्षर तुमचं व्हतं म्हनून मानलं.”

खरं सांगायचं तर हे ऐकून आधी मला अभिमानच वाटला. घरी येईपर्यंत टिकला.

६ नोव्हेंबर
गावातली दहा-बारा मंडळी आली. तहसीलला निवेदन द्यायचंय, अक्षर चांगलं म्हणून माझ्याकडे. ‘चौकशी होईपर्यंत दुकान बंद ठेवावे.’ लिहून दिलं. नाही म्हणायला हवं होतं. पण कोरा कागद आणि नवीन पेन समोर ठेवलं की मला राहवत नाही.

सही मात्र सगळ्यांच्या शेवटी केली. बारीक.

७ नोव्हेंबर
दहिवलीहून गजा आला. हिचा धाकटा भाऊ. तो आठवाल्याचा भक्त. आठच्या चर्चेतला तो, चष्मा डोक्यावर चढवून बोलणारा. गजा दारातूनच सुरू. म्हणाला, “दाजी, तुमी पण त्या कोटवाल्याच्या नादी लागलात? लोह हाय त्याच्यात. आमच्या सरांनी सांगितलं. महिनाभर खाल्लं तर गुडघं पण बरं व्हतात.”

लोहाचं वहिनीही बोलली होती. पण आठवाल्याने सांगितलं म्हटल्यावर मला ते खोटं वाटायला लागलं. आणि गुडघ्याचं काय मध्येच? गजाच्या गुडघ्याला दोन वर्षं पट्टा आहे, तोही रेशनचाच तांदूळ खातो.

चहा थंड झाला तरी भांडत होतो. शेवटी ठरवलं — या वहीच्या मागच्या पानांवर आठवाल्याच्या थापा रोजच्या रोज टिपायच्या. पुराव्यानिशी. गजाच्या पुढ्यात टाकीन.

१० नोव्हेंबर
तीन दिवसांत आठवाल्याच्या अकरा थापा! धरणातलं पाणी, शाळांची संख्या, कुठल्या राज्यात काय पहिल्यांदा झालं. माझी मुलगी हर्षला मोबाइलवर सरकारी आकडे काढून देते, मी ताडून बघतो. छान काम चाललं आहे.

आज तिने मागची पानं चाळली. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कर्जतला जाऊन येऊन करते. म्हणाली, “बाबा, सातवाल्यांची यादी कुठाय?”

म्हटलं, त्यांची काय गरज.

मग ती माझ्याच ओळी मोठ्याने वाचायला लागली. ‘सातवाले म्हणाले.’ ‘आठवाला बरळला.’ एकाला आदरार्थी, दुसऱ्याला अरेतुरे. म्हणाली, “बाबा, व्याकरणातच निकाल लावून टाकलात की.”

हसत गेली. मी वही मिटली.

११ नोव्हेंबर
सातवाल्यांची यादी करायला बसलो. एका चर्चेत चार.

त्यांच्या पुढे मी ‘चुका’ असं लिहिलं आहे. आठवाल्याच्या त्या ‘थापा’. आता लक्षात आलं. खोडत नाही. दिसू दे.

१२ नोव्हेंबर
दुकान बंद झालं. तांदळाचा नमुना तपासायला नेला. छायावहिनी दाराला कुलूप लावत होती तेव्हा मी नेमका समोरून आलो. ‘वहिनी’ म्हटलं. तिने किल्ली कमरेला खोचली आणि निघून गेली.

संध्याकाळी दिवा लावताना सात वाजले. टीव्ही लावला नाही. सव्वासातला लावला.

१५ नोव्हेंबर
खालापूरला कंपनीच्या गेटवर मी काय काम करतो? गाड्यांचे नंबर लिहितो. आज एक टेंपो आला, पाटी चिखलाने भरलेली. ड्रायव्हर नंबर तोंडी सांगत होता, रोजचाच माणूस, नाव पण माहीत. मी उठलो, फडक्याने पाटी पुसली, डोळ्यांनी वाचला, मग लिहिला. नऊ वर्षांत एक नंबर चुकीचा नाही. साहेब नव्या माणसांना माझं उदाहरण देतात.

गाडीचा नंबर पाटी पुसून लिहिणारा. आणि माणसाचं पोट — ऐकून.

पन्नाशीला आलो. जन्म भातशेतीत गेला. दाणा दाताखाली धरला तर कापणी कुठल्या आठवड्यातली ते सांगेन. पण कोटवाल्यांनी मूठ सोडली आणि माझे हात, दात, सगळं बाद!

१७ नोव्हेंबर
तरी एक आधार होता. चूक माझी नव्हे, त्यांची. मी फक्त उतरवून घेतलं. हर्षलाला म्हटलं, त्या दिवशीची चर्चा मोबाइलवर मिळेल का? मिळाली. तीनदा बघितली.

सातवाले कुठेच म्हणत नाहीत की प्लास्टिक आहे. मूठ सोडतात, कॅमेऱ्यात बघतात आणि विचारतात — “हे प्लास्टिक तर नाही ना?” खाली लाल पट्टी. ‘गरिबांच्या ताटात प्लास्टिक?’ पट्टीच्या टोकाला प्रश्नचिन्ह. एवढंसं, पण आहे.

म्हणजे त्यांनी विचारलं. सांगितलं मी. पूर्णविराम देऊन.

लबाड माणूस. आपली सुटायची वाट ठेवूनच बोलतो. आणि मी कसा? त्याची सुटायची वाटच खडूने बुजवली, वर सुरेख ‘प्ला’ काढून ठेवला.

१९ नोव्हेंबर
अहवाल आला. तांदूळ चांगला आहे, लोहयुक्तच. दुकान उघडायला परवानगी.

वहिनीने उघडलं. दिवसभरात दोन गिऱ्हाइकं. अहवाल दुकानाच्या दारावर चिकटवला आहे, पण कोण वाचतो? टाइप केलेला.

हिने बातमी आणली — या महिनाअखेरपर्यंत लोकांनी तांदूळ उचलला नाही, तर आपल्या गावची कार्डं पलीकडच्या गावच्या दुकानाला जोडणार. मग छायावहिनीचं दुकान गेलंच. ही एवढंच बोलली आणि भाकरी थापत बसली. माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मी ठरवलं आहे. सातवाले खुलासा करतील, मग मी तो फलकावर लिहीन. म्हणजे रीतसर होईल.

२० नोव्हेंबर
खुलासा नाही. विषय दुसराच. तोच हात, त्यात आज कसलासा कागद.

आठवाल्याने अहवाल दाखवला. ‘आमचंच खरं ठरलं.’ गुडघ्याचं काही बोलला नाही. गजाने फोनवर माझी खेचली. ऐकून घेतलं. तो या एका गोष्टीत बरोबर होता. पण तो बरोबर होता कारण त्याच्या बाजूचं होतं. मी चूक होतो कारण माझ्या बाजूचं होतं. तांदूळ दोघांनीही बघितला नव्हता.

२१ नोव्हेंबर
आज लिहिणार होतो. खडू दमट होता.

२२ नोव्हेंबर
सुविचार लिहिला — ‘चूक कबूल करणारा कधी लहान होत नाही.’ खाली अर्धा फलक मोकळा होता. तसाच ठेवून घरी आलो. वर मनात म्हणतो, कळणाऱ्याला कळेल!

२३ नोव्हेंबर, रविवार
दुपारी ठमी आली. डोंगराच्या वाडीतली, आमच्या कापणीला येते. लिहिता-वाचता येत नाही. तिला फलक कुणीतरी वाचून दाखवला होता. ओट्यावर टेकली, पाणी प्याली, आणि सहज सांगावं तसं म्हणाली, “पदूदादा, तू लिवलास ना, पलास्टिक हाय. म्या तांदूल कोंबड्यांना घातला.”

किती? पंधरा दिवसांचा. मग काय खाल्लं? कंद उकडून. आणि शेजारणीकडून नाचणीचं पीठ.

मला तिच्याकडे बघवेना. कोंबड्यांचं विचारलं — काहीतरी विचारायचं म्हणून.

“कोंबड्यांना काय व्हतंय? फुगल्यात मेल्या.” हसायलाच लागली. मग थांबली. “म्हंजी तांदूल बरा व्हता का रं?”

“बरा होता,” मी म्हटलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तोंडातून निघालं.

“मंग तसं लिव की.”

बस्स. एवढंच म्हणाली. मी आतून नव्या भाताचे तांदूळ आणले, अर्धं पोतं. तिने मूठ घेतली, उजेडात धरली, एक दाणा चावला. खात्री करून मग पोतं उचललं. माझ्या हाताने दिलेलं.

२४ नोव्हेंबर
लिहिलं नाही.

२५ नोव्हेंबर
मारुतीसमोर उभा राहिलो. म्हटलं, बुद्धी दे. खरं तर बुद्धी नको होती, ती आली होती. तू एखाद्या दुसऱ्याकडून लिहवून घे, असं मागायचं होतं. देव काही बोलला नाही. तो चर्चेत भाग घेत नाही.

भीती कसली आहे, ते तरी इथे लिहावं. लोक हसतील? हसू देत. वहिनी बोलणार नाही? ती आताही बोलत नाही. भीती ही आहे की उद्यापासून मी काहीही लिहिलं तरी लोक म्हणतील — पदू म्हणतो, म्हणे. सोळा वर्षांचं अक्षर! तेवढं एकच तर कमावलं आहे.

आणि वहिनीने बारा बाय बाराच्या गाळ्यात काय कमावलं होतं?

२६ नोव्हेंबर
टीव्हीचं रिचार्ज संपलं. भरलं नाही. सात वाजता माळ घेऊन बसलो. मणी मोजून एकशे आठच निघाले.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
काकडा नसताना पहाटे उठलो. फलक पुसला, ओल्या फडक्याने, कोपऱ्यांसकट. सुविचार लिहिला नाही. वरपासून लिहिलं —

‘रेशनच्या तांदळात प्लास्टिक नाही. तांदूळ चांगला आहे. या फलकावर मी खोटं लिहिलं होतं, न तपासता. — पद्माकर’

शेवटी जागा भरपूर उरली. ‘म्हणे’ लिहिलं नाही.

मग घरी जाऊन पिशवी आणि कार्ड आणलं आणि दुकान उघडायच्या आधी दारात उभा राहिलो. नऊपर्यंत माझ्या मागे सात जण आले. ठमी तिसरी. वहिनीने कार्ड घेतलं, मशीन पुढे सरकवलं. अंगठा ठेवला. मशीन घेईना. पुन्हा ठेवला. घेईना.

वहिनीने माझा हात बघितला. खडूने पांढरा झाला होता. तिने पदराचं टोक पुढे केलं.

“पुसा आधी, भावोजी.”